नगर ते राजूर, मांडीवर काचेचा तारा

थोरल्या ताईचं सासर राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याच्या वाटेवर. थंडीत तिच्याकडे पुण्या-मुंबईची माणसं तंबूत राहून तारे बघायला येतात. ढग आले की तीच माणसं तोंड पाडून बसतात आणि भजी मागत राहतात. म्हणून ताई फोनवर म्हणाली, ढगाळ रात्रीसाठी मला एक काचेचा तारा करून दे.

मी नववीनंतर नगरमध्ये काचेच्या दुकानात लागलो. खिडक्यांच्या काचा कापतो. उरलेल्या पट्ट्या घासून मी बारा किरणं केली आणि मधे काचेचा जाड गोळा बसवला. मनात अगस्ती होता, हिवाळ्यात दक्षिणेला डोंगराच्या अगदी वर दिसतो तो. काचेची कड हिरवट असते, त्यामुळे माझा अगस्ती थोडा हिरवा झाला. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. म्हणाले, धड पोचवलास तर मागचं टेबल तुझं, अशीच कामं कर. नाही पोचला तर खिडक्या आहेतच.

त्या टेबलासाठी मी रात्रभर पेंढा भरत होतो.

तुम्हीही जाणार असाल तर सांगतो. तारकपूर स्टँडवरून संगमनेरची गाडी धरा. मागच्या चाकावरची सीट घेऊ नका. कंडक्टर खोकं डिकीत टाका म्हणत होते. मी नाही म्हणालो. काच आडवी ठेवली की आपल्याच वजनाने तडकते, ती उभीच न्यायची असते. मांडीवरच्या सामानाला तिकीट पडेल अशी धास्ती होती, पण त्यांनी नुसता हात हलवला.

शेजारी कोल्हारच्या एक मावशी होत्या. खोक्यात काय आहे, त्यांनी विचारलं. काचेचा तारा, मी म्हणालो. त्यांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काच हाय तर चालत न्यायची की रं."

त्यांचं बरोबर होतं. खड्डा आला की मी सीटवरून अर्धा उठायचो, म्हणजे दणका माझ्या गुडघ्यांना बसायचा आणि खोकं हातात तरंगायचं. पण खोक्यामुळे मला पुढचं दिसत नव्हतं. राहुरीच्या अलीकडे मावशींनी ते काम अंगावर घेतलं. उसाची ट्रॉली, स्पीडब्रेकर, खड्डा, काही दिसलं की त्या "उठ" म्हणायच्या. मी उठायचो. मागच्या सीटवरची दोन माणसंही सवयीने उठायला लागली. कोल्हारला उतरताना मावशींनी एका कॉलेजच्या मुलीला माझ्या शेजारी बसवलं आणि बजावलं, "ह्याला उठवत जा."

लोणीपासून रस्ता बरा आहे. ती मुलगी मोबाईलमध्ये गुंगली आणि मी थोडा बसलो.

संगमनेरला गाडी बदलावी लागते. स्टँडसमोर मिसळ चांगली मिळते, तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. हॉटेलवाल्याने खोक्यासाठी वेगळी खुर्ची दिली आणि समोर पाण्याचा ग्लास ठेवला. पुढे अकोले गावापर्यंत प्रवरा नदी अधूनमधून सोबत असते. अगस्ती ऋषींचं देऊळ तिथेच आहे. मी खोक्यासकट गाडीतूनच नमस्कार केला. राजूरला उतरून पेढे घ्या, ते चुकवू नका. तिथून ताईच्या गावाला जीप असते. जीप भरेपर्यंत हलत नाही आणि भरल्यावरही माणसं घेते.

पोचलो. ओट्यावर खोकं उघडलं, पेंढा काढला, प्रत्येक किरणावरून बोट फिरवलं. बाराच्या बारा धड. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी पहिल्यांदा पाठ टेकली.

तेवढ्यात ताईचे सासरे, तात्या, नारळ घेऊन आले. नवी वस्तू घरात आली, नारळ फोडल्याशिवाय कसं चालेल? मी जरा लांब फोडा म्हणेपर्यंत त्यांनी पायरीच्या दगडावर हाणला. करवंटीचा तुकडा उडाला. टिंग असा बारीक आवाज झाला आणि एका किरणाचं अंगठ्याएवढं टोक गेलं.

तात्यांच्या दोन्ही हातांत दोन वाट्या, बोटांतून पाणी गळतंय. त्यांनी वाटीत वाकून पाहिलं.

"नारळ लई चांगला निघाला," ते म्हणाले.

मी आधी काचेचे कण वेचले, कोणाच्या पायात जायला नकोत. मग चाचांना पाठवायचा फोटो काढायला बसलो. तात्या माझ्या मागे येऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं, त्या अंगानं काढा. तिकडनं धड दिसतंय."

खरंच दिसत होतं. मी त्या बाजूने एक फोटो काढलाही. पण पाठवायला रेंजसाठी टाकीच्या कठड्यावर चढलो आणि तिथे उभा राहून तो माझ्याच्याने पाठवेना. खाली उतरलो, मोडक्या बाजूचा काढला, नारळाचं लिहिलं आणि परत वर चढून पाठवला. मागचं टेबल गेलं असं धरूनच चाललो होतो.

मी कठड्यावर असतानाच चाचांचा फोन आला. "गाडीत फुटला का?"

"नाही. ओट्यावर उतरवल्यावर."

"मग पोचला की. उतरवून घेतली की काच गिऱ्हाइकाची." आणि ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

आता नगरला आहे. मागच्या टेबलावर बसतो, खिडक्या सकाळी कापतो. तेरावं किरण करून ठेवलं, पण तात्या ते बसवू देत नाहीत. म्हणतात, लोक त्या मोडक्यापाशीच थांबतात. ते ठीक आहे. ताईने मात्र एक सांगितलं, त्यावरून मला झोप येईना. पाहुण्यांनी विचारलं की तात्या सांगतात, टोक कोल्हारच्या रस्त्यात गेलं. आणि सगळ्यांना ते लगेच पटतं. म्हणून इथे स्वच्छ लिहितो: माझा तारा रस्त्यात फुटला नाही.

मी तात्यांना फोनही केला. म्हणालो, तात्या, त्या रस्त्याने या वेळी काही केलेलं नाही.

"रस्त्याचं काय जातंय," तात्या म्हणाले. "त्याला सवय हाय."