उस्तादांच्या दगडावरची लॅटिन ओळ

उस्ताद टायफॉइडनं गेले. ते केरळचे ख्रिश्चन, आमच्या गँगचे मुख्य रिगर. म्हणजे जड लोखंड क्रेनला बांधून जागेवर बसवणारे. भंडाऱ्याकडून सातवीतच शाळा सोडून आलेल्या मला त्यांनीच हाताशी धरलं. चर्चमधली लॅटिन प्रार्थना त्यांना फार आवडायची, म्हणून कबरीवरही तीच भाषा हवी, असं त्यांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, सांगितलं. रविवारी भाभी मुलांना घेऊन गावी जाणार होत्या, कायमच्या. त्याआधी दगड बसायला हवा होता.

ओळ चर्चचे फादर लिहिणार होते. त्यांचा निरोप आला: सोबत काम करणारा कोणी पाठवा. गँगनं मला पुढे केलं.

"घ्या! सातवीवाला आता लॅटिन लिहून राहिला!"

मला हसू येईना. मी काही भलतंच सांगितलं तर ते दगडात कोरलं जाणार होतं.

फादर वसईचे, मराठी बोलायचे. म्हणाले, "चांगला होता, देवभीरू होता, हे मी सगळ्यांच्याच दगडावर लिहितो. तो करायचा काय?"

"रिगर होते, फादर."

"अरे, जुन्या लॅटिनमध्ये रिगर कुठून आणू?"

करूनच दाखवावं म्हणून मी उठून उभा राहिलो. साइटवरच्या गोंगाटात हाक पोचत नाही. क्रेनवाला खालच्या माणसाचे हात बघतो. मी उस्तादांसारखं बोट वर करून फिरवलं, म्हणजे गर्डर, लोखंडी तुळई, वर उचल. मग पालथा तळवा हळूहळू खाली आणला, म्हणजे आता सावकाश ठेव.

"इतकं हळू का?"

"खाली माणसं असतात ना. आमाले शिव्या देत, पण कोणाले खरचटू नाही दिलं त्यांनी."

"पुन्हा कर बघू," म्हणत फादर लिहू लागले. ओळ झाल्यावर त्यांनी मला तिचा अर्थ सांगितला.

शनिवारी दगड बसला. फादरनी लॅटिन मोठ्यानं वाचलं. भाभींनी अर्थ विचारला, तर फादरनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं, "भारी बोझ उठाया, धीरे से रखा, नीचे खड़े लोगों को संभाला."

भाभी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. चुकलंच, असं मला वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "बराबर. घर में भी ऐसाइच था. सोया बच्चा उठाता, तो बच्चा जागता नहीं था."

त्यांनी फादरना ती ओळ पुन्हा वाचायला लावली. या वेळी मुलांना जवळ घेऊन ऐकली.