होल्डताईंकडे 'जाऊ द्या' चालत नाही

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसून टाकलं, कारण मामा म्हणाला, "घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडतेस?" पण गेल्या आठवड्यात होल्डताईंनी मला एकच प्रश्न तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा माझं उत्तर त्यांना ऐकूच आलं नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाहीये. म्हणून लिहितेय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

होल्डताई म्हणजे आमच्या बाजारातल्या लॉन्ड्रीच्या कोपऱ्यात शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या बाई. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं ही त्यांची रोजची कामं. पण मशीनशेजारी कायम कुणाचातरी फोन स्पीकरवर असतो आणि त्यातून कार्ड कंपनीची ती टिंगटिंग वाजत असते, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' वाली. कुणाच्या क्रेडिट कार्डावर न मागितलेला विमा चढलेला असतो, कुणाला बिल उशिरा पाठवून वर दंड लावलेला असतो. असे लोक त्यांच्याकडे येतात आणि ताई त्यांच्यासोबत होल्डवर बसतात. त्याचे पैसे घेत नाहीत. फक्त म्हणतात, "येताना काहीतरी शिवायला आणा, नुसतं बसवत नाही मला." लॉन्ड्रीवाल्याला ती ट्यून इतकी पाठ झालीय की तो इस्त्रीसुद्धा तिच्या तालावर फिरवतो.

ताई पूर्वी अशाच एका कंपनीत फोनवर होत्या. कित्येक वर्षं, उजव्या कानाला हेडफोन. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "माझं काम काय होतं सांगू? लोकांकडून 'जाऊ द्या' म्हणवून घेणं. कार्ड बंद करा म्हणून फोन आला की इकडून तिकडे फिरवायचा, तिकडून आणखी कुठेतरी. माणूस कंटाळतो आणि म्हणतो, जाऊ द्या. मी त्यात फार हुशार होते गं. बक्षिसाचा मिक्सर अजून आहे घरी." मग दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "चालत मात्र नाही."

आमच्या मामाने तेच केलं होतं. जाऊ द्या म्हणाला होता.

मामा शाळेची व्हॅन चालवतो. मॉलमध्ये एक मुलगी 'फुकट आहे काका, घ्या ना' म्हणाली आणि त्याने कार्ड घेतलं, कारण मामाला कुणाला नाही म्हणताच येत नाही. एकदाच वापरलं, व्हॅनच्या टायरसाठी, ते पैसे भरूनही टाकले. मग कळलं की 'सुरक्षा योजना' अशा नावाने दर महिन्याला काहीतरी लावलं जातंय. त्याने फोन केला, कार्डही बंद करा आणि ती योजनाही बंद करा म्हणाला. त्याला तासभर फिरवलं. शेवटी जाऊ द्या म्हणून फोन ठेवला, कात्री आणली, मामीसमोर कार्डाचे चार तुकडे केले, कचऱ्यात टाकले आणि हात झटकले. त्याच्या लेखी कार्ड संपलं. कंपनीची पाकिटं येतच राहिली. मामी ती न फोडता त्यांच्या मागे सामानाची यादी करायची.

इकडे योजनेचे पैसे, त्यावर व्याज, त्यावर दंड, असं सगळं वाढतच चाललं होतं. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. मामा उचलेना, तेव्हा ते शाळेत फोन करायला लागले. अर्जात 'कामाचं ठिकाण' म्हणून शाळेचा नंबर यानेच लिहिला होता. "तुमचा ड्रायव्हर पैसे बुडवतोय आणि त्याच्या गाडीत पोरं बसवता?" असं ऑफिसातल्या बाईंना ऐकवायचे. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मामाला बोलावून सांगितलं, "पालकांच्या कानावर गेलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही. शुक्रवारपर्यंत हे फोन बंद व्हायला हवेत. नाहीतर व्हॅन दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

व्हॅनवर मामाचं घर चालतं. त्या आठवड्यात तो जेवताना मधेच उठायचा आणि उगाच टायर बघून यायचा. मला ते बघवेना. शुक्रवारी सकाळची मुलं सोडून आला तसा मी त्याला हाताला धरून लॉन्ड्रीत नेलं.

ताईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कात्री कुठली वापरलीत?"

मामा गोंधळला. "घरातलीच. साधी."

"कात्रीने कापड संपतं हो. कार्ड कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, तिथे कुठली कात्री पोचणार?" मामाचा चेहरा पडलेला बघून लगेच म्हणाल्या, "तुम्ही एकटे नाही. गेल्या महिन्यात एकाने गॅसवर वितळवलं, घरभर वास. शर्ट काढा."

"काय?"

"बाही उसवलीय तुमची. बनियन आहे ना आत? मग द्या इकडे."

असा मामा बनियनवर बसला आणि फोन लागला. आधी एक मुलगी आली. मामा तिच्यावर तडकणार तेवढ्यात ताई पुटपुटल्या, "तिला नाही ओरडायचं. ती पगारी आहे, मी होते तशीच. वरच्या माणसाला द्या म्हणा." तिने दुसरीकडे दिला, त्याने तिसरीकडे. टिंगटिंग. मामा घड्याळ बघायला लागला. शाळा सुटायची वेळ जवळ येत होती.

शेवटी एक सुपरवायझर आला. ताईंनी मामाला खुणेने सांगितलं आणि मामा बोलला, "मागच्या वर्षी मी कार्ड बंद करायला फोन केला होता. तो कॉल ऐका."

"सर, ते रेकॉर्डिंग आता उपलब्ध नाही."

ताई मशीनवरून वाकल्या. "मग सुरुवातीलाच 'हा कॉल रेकॉर्ड होतोय' म्हणता ते कशाला, सोबत म्हणून?"

"आपण कोण मॅडम? आम्ही फक्त कार्डधारकाशी बोलू शकतो."

"कार्डधारक इथेच बसलाय. बनियनवर."

सुपरवायझर म्हणाला, बघतो, लाइनवर थांबा. पुन्हा टिंगटिंग. मामा उठला. "ताई, मुलं गेटवर उभी असतील. जाऊ दे ते, उद्या बघू."

"आज शुक्रवार आहे ना?" ताईंनी विचारलं. मामा व्हॅनची किल्ली चाचपायला लागला. "फोन ठेवलात की उद्या परत पहिल्यापासून. त्यांना तेच हवंय. फोन चालू ठेवायचा, मी येते गाडीत."

आणि त्या खरंच आल्या. अर्धवट शिवलेला शर्ट मामाच्या अंगात, बाहीला सुई लोंबतेय, ताई पुढच्या सीटवर, फोन त्यांच्या मांडीवर, मी मागे दप्तरं ठेवायच्या जागेत. सिग्नलला मला वाटत होतं की उतरून पळत सुटावं. रस्ताभर मी त्या फोनकडेच बघत होते. तो माणूस मधेच आला आणि मामा गाडी चालवत असला तर? नाहीच आला. शाळेच्या गेटला गाडी लावली, बंद केली, मुलं चढायला लागली आणि एक दात पडलेली मुलगी म्हणाली, "काका, हे गाणं बदला ना."

"ते आपल्या हातात नाही, बाळा," मामा म्हणाला, आणि तेवढ्यात सुपरवायझर आला.

"सर, रेकॉर्डिंगबद्दल काही सांगता येत नाही. पण तुम्ही जुने ग्राहक आहात, म्हणून निम्मी रक्कम माफ करतो. निम्मी आज भरा, विषय संपला."

मामाचा चेहरा एकदम सैल पडला. मी ओळखते तो चेहरा. आता म्हणणार. तोंड उघडलंसुद्धा. ताई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मामाने मागे वळून मुलांकडे बघितलं, आरशाला लटकवलेलं कागदी विमान बघितलं, ते मुलांनीच केलेलं होतं.

"नाही," मामा म्हणाला. आवाज बारीकच होता. "मी बंद करा म्हणालो होतो. तो कॉल ऐका. मी लाइनवरच आहे. आणि शाळेत फोन करू नका. इथे लहान मुलं असतात."

मामाच्या तोंडून 'नाही' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

खिडकीशी मोठ्या बाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणालाच कळलं नव्हतं. "त्या कार्डवाल्यांचाच का हा फोन?" असं विचारून त्यांनी हात पुढे केला. मामाने वर्गात पकडलेल्या मुलासारखा फोन त्यांच्या हातात दिला.

"मी मुख्याध्यापिका बोलतेय. तुमचं पूर्ण नाव सांगा. हळू सांगा, मी लिहून घेतेय." पलीकडून नाव आलं. "माझ्या शाळेत कुणाला विचारून फोन करता?"

"सॉरी मॅडम, तो विभाग वेगळा आहे."

"विभाग तुमचा वेगळा असेल, शाळा एकच आहे. ड्रायव्हर काय म्हणाले ते ऐकलंत ना? काय म्हणाले, सांगा बघू."

आणि तो माणूस खरंच पाठ म्हटल्यासारखा सांगायला लागला. व्हॅनमधली सगळी मुलं हाताची घडी घालून बसली होती, त्यांना मोठ्या बाईंचा तो आवाज माहीत होता. तक्रारीचा नंबर मिळाला. शाळेचा नंबर आजच काढतो म्हणाला, रेकॉर्डिंग शोधतो म्हणाला. ताई माझ्याकडे वळून सारखं विचारत होत्या, "काय म्हणाला? काय म्हणाला?" मला वाटलं, गाडीत गोंगाट आहे म्हणून. पण गोंगाट नव्हताच. आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

सोमवारी शाळेत फोन आला नाही, त्यानंतरही नाही. व्हॅन मामाकडेच आहे. रेकॉर्डिंग सापडलं, योजनेचे पैसे आणि त्यावरचं व्याज निघालं. एक दंड अजून चिकटून बसलाय, त्यासाठी ताई भांडतायत. कार्ड बंद झाल्याचं पत्र आलं तेव्हा मामीने घरातली कात्री लपवून ठेवली.

गेल्या आठवड्यात मी त्या दंडाचं विचारायलाच गेले होते. ताईंनी विचारलं, "मामा कसे आहेत?" मी सांगितलं. परत तेच विचारलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि मला खूण केली, डाव्या बाजूने, मोठ्याने. उजवा कान नोकरीतच गेला होता. आता डावाही चाललाय, डॉक्टर म्हणाले, फार दिवस ऐकू येणार नाही. फोनचा आवाज केव्हाचा पूर्ण वाढवलेला आहे.

"ट्यून येते गं ऐकू," ताई म्हणाल्या, "पलीकडचा माणूस येत नाही. उलटं असतं तर बरं झालं असतं." मला रडू फुटलं तर म्हणाल्या, "इकडे नको रडू, गिऱ्हाइकाची पँट आहे."

मी आता कॉलेज सुटलं की जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसते आणि फोनमधलं बोलणं मोठ्याने परत सांगते. पण मला घाई होते, मी मधलंच खाते, त्यांना जे पकडता येतं ते मला येत नाही. म्हणून, ज्यांनी कुणी कार्ड कापून टाकलंय, जाळलंय, पाकिटं न फोडता खणात कोंबलीयत, त्यांनी या आठवड्यात बाजारातल्या लॉन्ड्रीत जाऊन त्यांना भेटा. पुढच्या महिन्यावर टाकू नका. फोन पूर्ण चार्ज करून न्या, काहीतरी उसवलेलं न्या, आणि डाव्या बाजूला बसा.