तेच साल, तीच राणी

"दाखवल्याशिवाय मुशीत टाकू नका, शेठ." सकाळी दुकान उघडलं की समोरचे पटवेकरी चाचा पायरीवरून एवढं बोलायचे, मगच आपली गादी झटकायचे.

रविवार पेठेत माझं चांदी आटवायचं दुकान. चाचा दागिने रेशमात ओवून देत. दातानं दोरा तोडणारी अशी माणसं तुम्हीही पेठेत पाहिली असतील.

त्यांना एक नाणं हवं होतं. त्यावर ऑस्ट्रिया देशाची राणी, भरल्या अंगाची, डोक्यावर पदरासारखं वस्त्र. मागं दोन डोक्यांचा गरुड. साल १७८०. राणी त्याच साली वारली. पण अरब व्यापारी दुसरं नाणं घेईनात, म्हणून टांकसाळी पुढंही तेच तोंड, तेच साल छापत राहिल्या. सासऱ्यानं एडनहून आणलेलं असलं एक नाणं चाचींच्या गळ्यात असायचं. चाचांनीच ओवलेलं; कडी मात्र तिरकी बसलेली. चाचींच्या आजारपणात ते विकलं. "माझी राणी आणा," म्हणतच त्या गेल्या.

मी एकदा म्हणालो, "मेलेल्या बाईचं नाणं कशाला हुडकता, चाचा?"

"मेली कुठं? साल पुढं सरकलंय का तिचं?"

एकदा मात्र चार गिऱ्हाइकांदेखत ते म्हणाले, "तुम्हाला त्यावरचं वाचता येत नाही ना, म्हणून दाखवा म्हणतो."

मी तिसरीपर्यंत शिकलेला, पण चांदीचा कस नुसत्या नजरेनं सांगतो. ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी चाचा धायरीला लेकीकडं गेले होते. एकानं तसली तीन नाणी आटवायला आणली. कडी जोडायला लावलेल्या डाकेनं चांदी हिणकस होते, म्हणून आम्ही कड्या आधी कापतो. एक कडी तिरकी होती. मी पाहिली. आणि कापली.

संध्याकाळी चाचा आले. "काही आलं होतं का?"

"नाही."

पाटावर कड्या तशाच पडल्या होत्या. त्यांनी पाहिल्या, चप्पल घातली, निघून गेले. दुसऱ्या सकाळपासून पायरीवरून बोलणं बंद. गादी झटकल्याचा तेवढा आवाज यायचा. दोन वर्षं मीही तोंड उघडलं नाही.

यंदा ते अंथरुणाला खिळले, तेव्हा भेटायला गेलो. छताकडं बघतच ते म्हणाले,

"शेठ, तुमची भट्टी फार तापते, नाही?"

"तापते."

"मग तिला वेळ लागला नसेल."

"नाही लागला, चाचा."

शुक्रवारी ते गेले.

लागला होता वेळ. बाकीची दोन नाणी कधीच पातळ झाली, तरी ते तोंड तसंच वर बघत होतं.