जांभळी रिबन

सौंसरला कचेरीसमोर बसणारा तो टायपिस्ट कंपनीची नवी रिबन कधी घेत नसे. शिक्क्याच्या जांभळ्या शाईत एरंडीचं तेल घालून तो जुनीच रिबन भिजवायचा आणि ओळ संपली की कागदावर फुंकर मारायचा. "पाहा मास्तर, कंपनीपेक्षा गडद येऊन राहिलं," हे मी शंभरदा ऐकलं असेल.

माझ्या बदलीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. जांभळी अक्षरं पाहताच खिडकीतल्या बाबूनं अर्ज परत सरकवला. "ही कार्बन कॉपी आहे. असल प्रत आणा."

मी धावत टायपिस्टकडे गेलो. मशीन तशीच उघडी टाकून तो माझ्यापुढे पळाला.

"बाबूजी, अक्षरावर अंगठा घासून पाहा."

बाबूनं घासला. अक्षर फिसकटलं, अंगठा जांभळा झाला.

"कार्बन असा ओला राह्यते का?" त्याच्या आवाजात एवढा आनंद होता, की रांगेतले सगळे पुढे वाकले.

बाबूनं अर्ज ठेवून घेतला. कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा उमटला होता. टायपिस्टनं खिडकीतून त्यावरही फुंकर मारली.

"आता काळजी नाही मास्तर. बाबूनं सोता अंगठा लावला."