आत्याबाईंच्या सासरची मंडळी

लाकडावर माझ्या बायकोच्या आत्याइतका अविश्वास दाखवणारं माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरं झालं नाही. माणसांवर त्यांचा विश्वास फार लवकर बसे. भाजीवाली 'आत्ताच तोडलीय' म्हणाली की शिळी मेथीसुद्धा त्या आनंदाने घरी आणत. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या मांडीवर स्वतःची पिशवी ठेवून खुशाल पाणी प्यायला उतरत. पण दाराची चौकट, खिडकीची झडप, पलंगाचा पाय, चर्चमधला बाक यांपैकी कुणीही कितीही छाती पुढे काढून उभं असलं, तरी आत्याबाई आधी पर्समधून चमचा काढत, त्याच्या दांड्याने ठोकत, मान तिरकी करून ऐकत आणि मगच तिथे बसायचं की उभं राहायचं ते ठरवत. श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी नर्स म्हणून काढली होती. डॉक्टर रोग्याची पाठ बोटांनी ठोकून छाती तपासतात, ते शेजारी उभं राहून इतकी वर्षं पाहिल्यामुळे असेल, घराची तब्येतही ठोकल्याशिवाय कळत नाही अशी त्यांची खात्री होती. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे त्या फारशा कुठे जात नाहीत. म्हणून हे सगळं मी 'होतं', 'होत्या' असं लिहितोय, एवढंच.

त्यांची माझी पहिली भेट मला पाहायला आल्या तेव्हाची. आम्ही त्या वेळी सावेडीत राहायला आलो नव्हतो. नगरच्या जुन्या भागात वडिलांचं लहानसं दगडामातीचं घर होतं. मी नवा शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून खुर्चीत बसलो होतो. माझे होणारे सासरे मला पगार, बढती, व्यसन असं विचारत होते आणि त्यांची ही बहीण आत यायलाच तयार नव्हती. ती उंबऱ्यात उभी राहून चौकट ठोकत होती.

"बाई, आत या ना," वडील म्हणाले.

"ही चौकट कधीची?"

"आमच्या वडिलांनी बसवलेली. अस्सल सागवान आहे."

"सागवान होतं," आत्याबाई म्हणाल्या. "अंगठा दाबून बघा इथे."

वडिलांनी जरा चिडूनच अंगठा दाबला आणि तो नखासकट आत गेला. रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता, आत नुसती माती. पोह्यांच्या बशा घेऊन आलेली आई जागच्या जागी थबकली. पाहुण्यांसमोर झालेली ही शोभा तिला सहन होईना. "तुम्ही मुलगी देताय की घर विकत घेताय?" तिने विचारलं. त्यावर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मुलगी देतोय म्हणून तर घर बघतेय. आमची पोर या दारातून येणार-जाणार ना?" माझी सोयरीक मोडली असंच मी धरून चाललो होतो. पण लग्न झाल्यावर हिने मला सांगितलं की परतीच्या वाटेवर आत्याबाईंनी एका वाक्यात निकाल दिला होता: "चौकट बदलून घ्या म्हणावं. मुलगा आतून भरीव वाटतो." माझ्याबद्दल इतकं चांगलं त्यानंतर कुणी बोललेलं नाही.

वाळवीला त्या वाळवी म्हणत नसत, 'सासरची मंडळी' म्हणत. त्याला कारण होतं. त्यांचे यजमान मूळचे समुद्राकाठचे. साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते श्रीरामपूरला आले आणि इथलेच झाले. अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात त्यांचं कौलारू घर होतं. लग्नानंतर आत्याबाई पहिल्यांदा तिथे गेल्या, तेव्हा यजमान जुनी भांडी काढायला माळ्यावर चढले आणि दुसऱ्याच क्षणी खाली चुलीपुढे बसलेल्या नव्या नवरीला छतातून लोंबकळणारा एक पाय दिसला. तुळईचं वरचं कातडं तेवढं शिल्लक होतं, बाकी सगळं वाळवीने फस्त केलेलं. पाय मोडला तो मोडलाच. पुढे जन्मभर ते जरा लंगडत चालत. माणूस मोठा गमत्या. म्हणायचे, "आमच्या भाऊबंदांत पाय ओढणारे पुष्कळ निघाले, पण खुद्द घरानंच ओढावा?" ते हसत, पण आत्याबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पर्समध्ये चमचा ठेवला.

या शब्दप्रयोगाने घोटाळेही फार झाले. श्रीरामपुरात एका लग्नघरी त्या नवरीला आशीर्वाद द्यायला गेल्या. तिला आहेरात मिळालेलं कपाट ठोकलं आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "पोरी, सांभाळून राहा. सासरची मंडळी आत शिरलीत. आतून पोखरतात, वरून काही कळू देत नाहीत." ती बिचारी जी रडायला लागली, ती पाठवणीपर्यंत थांबली नाही. नवरीला माहेर सुटल्याचं दुःख होतंय असं समजून सगळ्या बायकाही रडल्या. एकदा तर रविवारी उपासना चालू असताना आत्याबाईंना व्यासपीठाच्या पायाशी मातीची बारीक रेघ वर चढलेली दिसली. पाळकसाहेब सहनशीलतेवर बोलत होते. आत्याबाईंनी बराच वेळ सहन केलं आणि मग उभं राहून म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमचं चालू द्या, पण तेवढं उजवीकडे सरकून बोला." पाळकसाहेब सरकले. पुढच्या आठवड्यात सुतार आला, तेव्हा सरकले ते बरं झालं असं तेच सगळ्यांना सांगत होते.

ती मातीची रेघ हा आत्याबाईंचा हातखंडा विषय. राहुरीजवळ कालव्याच्या कडेला हिच्या एका चुलत मामाची वस्ती आहे. तिथे आम्ही हुरडा खायला गेलो होतो. कोठीच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची माती सरळ वर गेलेली पाहून आत्याबाई थांबल्या.

"आवो, ती भेगंतनं निघालेली माती हाय," मामा म्हणाले. "भिंत जुनी हाय ना. लई मनावर घिऊ नका."

"भेग अशी नळीसारखी पोकळ असते व्हय?" म्हणत आत्याबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि ती नळी मधोमध फोडली. आत पांढुरक्या किड्यांची ये-जा चालली होती, बाजाराच्या दिवशी असते तशी. मामांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मग आत्याबाईंनी हुरड्याच्या आगटीभोवती सगळ्यांना बसवून वर्गच घेतला. दिव्याखाली पंखांचा सडा पडला की समजावं वारूळ जवळ आहे. दार अचानक घासायला लागलं, रंगाला फुगे आले, तुळईखाली रव्यासारखे दाणे सांडलेले दिसले, तर त्यावर केरसुणी फिरवून मोकळं होऊ नये. ओल जिथे, मंडळी तिथे. "आणि आपल्याकडे हे असं," त्या म्हणाल्या, "तर समुद्राकाठी काय असेल! तिथली हवाच ओली. तिथलं जुनं घर म्हणजे त्यांना पंगतच मांडून ठेवल्यासारखं."

यजमान गेल्यानंतर त्या समुद्राकाठच्या घरात त्यांचे धाकटे भाऊ तेवढे उरले. लग्न न केलेला, मितभाषी, हट्टी माणूस. एका पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला तेव्हा आत्याबाई आमच्याकडे सावेडीत होत्या. "वहिनी, मागचं दार लागत नाही. पावसानं फुगलं असेल," ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मधल्या भावाचा मुलगा, मुंबईचा पुतण्या, येऊन गेला होता. घर पडायला झालंय, पाडून टाकू, काका आमच्या फ्लॅटमध्ये येऊन राहतील, असं त्याने ठरवलं होतं. पुतण्या वाईट नव्हता. म्हाताऱ्या काकाच्या अंगावर छप्पर येईल, ही त्याची धास्ती खरीच होती.

"भावजी, फोन दाराला लावा आणि दार ठोका," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो. पलीकडून ठक, ठक, आणि मग रिकाम्या डब्यावर मारल्यासारखं डब, डब. आत्याबाईंनी फोन ठेवला. "जावईबापू, गाडी काढायला लागेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरून गेलो. घर दिसायला अजून देखणं होतं. जांभ्याचा चौथरा, पुढे पडवी, पडवीतून थेट खाडी आणि त्यापलीकडे समुद्र. पण आत्याबाईंनी समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या थेट मागच्या बाजूला गेल्या. भिंतीला टेकून जळाऊ लाकडं आणि झावळ्या छातीपर्यंत रचलेल्या. न्हाणीचं पाणी भिंतीच्या कडेनेच मुरत होतं. पडवीचे खांब सरळ मातीत रोवलेले.

"लाकडं बापजाद्यांपासून इथंच रचतो आम्ही," दीर म्हणाले. "आणि मी दर वर्षी रॉकेल लावतो."

"आणि बापजाद्यांपासून मंडळी तिथूनच आत येतायत. भावजी, गळू आत असताना वरून मलम लावून काय होणार? इंजेक्शन लागतं."

ते इंजेक्शन द्यायला तालुक्याच्या गावाहून वाळवीचं काम करणारे एक गृहस्थ आले. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे ओळीने भोकं पाडायची, त्यांत औषध सोडायचं, घराभोवतीच्या मातीतही जिरवायचं आणि भोकं बुजवून टाकायची, अशी त्यांची रीत. आत्याबाईंना ही पद्धत फार पसंत पडली. पण सगळ्यांना बाहेर काढून काम सुरू करायच्या वेळी दीर विहिरीच्या काठावर जाऊन बसले. विहीर मागच्या भिंतीपासून हाकेच्याही नाही, हाताच्या अंतरावर होती.

"या बाजूला औषध नाही," ते म्हणाले. "विहिरीत उतरलं तर मी काय पिऊ? समुद्र?"

आता वहिनी दिरावर बरसणार म्हणून मी छत्री शोधायला लागलो. पण आत्याबाई विहिरीपाशी गेल्या, भिंतीकडे पाहिलं, पाण्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "भावजींचं बरोबर आहे. ही बाजू औषधाची नाही."

"मी तेच सांगत होतो, बाई," औषधवाले गृहस्थ म्हणाले. "विहिरीजवळ आम्ही सोडतच नाही. पण तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

मग त्या बाजूचा इलाज निराळा ठरला. कुजलेली चौकट काढून टाकली, लाकडं लांब नेऊन ओट्यावर रचली, न्हाणीचं पाणी पन्हळीने माडांकडे वळवलं. पडवीच्या खांबांचे पोखरलेले बुंधे कापून त्यांच्याखाली दगडी बैठका दिल्या, म्हणजे लाकूड मातीला शिवायलाच नको. माळ्याच्या दोन तुळया बदलल्या आणि नवं लाकूड बसवण्याआधी त्याला औषध पाजलं. समोरच्या बाजूला ड्रिल सुरू झालं, तेव्हा आत्याबाई तोंडाला रुमाल बांधून उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी नकळत भिंतीवर तळवा ठेवला. सुई टोचताना त्या रोग्याचा दंड असाच धरत असतील.

"झालं हं," त्या पुटपुटल्या. कुणाला, ते मला कळलं नाही.

औषध वाळेपर्यंत आम्ही शेजाऱ्यांकडे उतरलो होतो. पुतण्या मुंबईहून आला. त्याने खांब हलवून पाहिले, माळ्यावर चढून जपून एक उडी मारली आणि म्हणाला, "काकी, पाडायचं नाही मग." दिरांनी आत जाऊन सगळ्यांसाठी कोकम सरबत करून आणलं, त्यात मीठ जरा जास्तच पडलं होतं. "कोर्स अर्धवट सोडायचा नाही," आत्याबाईंनी त्यांना बजावलं. "दर पावसाळ्यानंतर सगळं तपासून मला कळवायचं." अजूनही ते कळवतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई पडवीत एकट्या बसलेल्या दिसल्या. या हवेचा त्यांना मनस्वी तिटकारा. अंग चिकचिकतं, मीठ ओलं होतं, मासळीचा वास पदराला चिकटतो, अशी त्यांची तक्रार आल्या दिवसापासून चालू होती. भरती लागली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"काय बघायचं होतं यांना इथं, कोण जाणे," त्या म्हणाल्या. "समोर नुसतं पाणी."

मीही समोर पाहिलं.

"रिटायर झाल्यावर इथं येऊन राहू म्हणायचे. मी म्हणायचे, आधी घर तपासून घेऊ, दुरुस्त करू, मग जाऊ. दर दिवाळीला तेच. राहुरीच्या त्या वस्तीवर, चर्चमध्ये, लोकांच्या लग्नात कपाटं ठोकत फिरले, जावईबापू. हेच तेवढं राहिलं."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. वॉर्डात नातेवाइकांना काही सांगायचं असेल तेव्हा नर्स ज्या आवाजात सांगते, तसा. माडांच्या सावल्या लांबत पडवीपर्यंत आल्या. खाडीतली होडी काठाला लागली, त्यातली माणसं जाळी खांद्यावर टाकून घरोघर गेली. डास घोंगावायला लागले.

"आत्याबाई, चला आत," मी म्हणालो. "हवा बाधेल तुम्हाला."

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी बसते अजून थोडी. ते बसले असते."