फिनॉलची गुलाबी बाटली

चिमूरच्या सत्यशीलाचा हात मोठा हलका. सुई टोचल्याचं माणसाला कळायचंही नाही. चंद्रपूरच्या कॉलेजात ती प्रयोगशाळेत होती, पण नोकरी अजून कच्चीच.

अठ्ठ्याऐंशी साली तिथल्या बापूराव सरांनी कोळसा खाणीतल्या चाळीस कामगारांचं रक्त तपासायला घेतलं. पेशीत डीएनएचा धागा असतो. लोखंडाला गंज चढावा तसे प्राणवायूचे डाग त्यावर पडतात. खाणीच्या धुळीने ते वाढतात का, हे पाहायचं होतं. सत्यशीलाने फिनॉल नावाच्या रसायनाने धागा वेगळा काढायचा, नागपूरच्या यंत्राने डाग मोजायचे. निरांजन वाऱ्यापासून जपावं, तशी ती त्या नळ्या बर्फात जपायची.

तुलनेसाठी घेतलेल्या धानोऱ्याच्या शेतकऱ्यांच्या रक्ताचे आकडे आधीच आले होते, लहानसे. कामगारांचे आले ते चौपट! सर हरखून गेले.

सत्यशीला मात्र चरकली. शेतकऱ्यांच्या वेळी फिनॉल नवं, पांढरं होतं. कामगारांच्या वेळेपर्यंत बाटलीच्या उघडझापीने हवा लागून उरलेलं गुलाबी पडलं होतं; असं फिनॉल स्वतःच धाग्यावर डाग पाडू शकतं. टाकायला जीव झाला नाही, म्हणून तिने तेच वापरलं होतं. आता तिने स्वतःचं रक्त काढून दोन वाटे केले, एक गुलाबी फिनॉलने, एक नव्याने. गुलाबीतले डाग चौपट निघाले.

"सर, डाग त्यायच्या रक्तात नाई, माह्या बाटलीत होते."

सरांनी दार लोटून घेतलं. "हे कोणाला ठाऊक आहे?"

"तुमाले अन् मले."

"तुझा पक्क्या नोकरीचा कागद वर गेलाय, सत्यशीला."

"जाऊ द्या सर. चाळीस मानसायच्या अंगाबद्दल खोटं लिहून देनार काय आपुन?"

सरांनी लिहिलेला अहवाल फाडला.

रक्त पुन्हा घेणं आलं. ती बर्फाची पेटी घेऊन खाणीच्या फाटकाशी उभी राहिली. मुखरू नावाचा जुना कामगार ओरडला, "काऊन बाई, पयलं रक्त पिऊन टाकलं काय?" सगळे खो खो हसले.

"नाई भाऊ. खराब झालं. मीच केलं."

हसणं थांबलं. मुखरूने तिच्याकडे पाहिलं, आणि बाही वर केली. त्याच्यामागे एकेक जण आला. चाळीसांतले सत्तावीस. बाकीचे सायकली काढून निघून गेले.

या खेपेला आकडे शेतकऱ्यांच्या दीडपट भरले. चौपट नव्हे, पण खरे. सरांनी तेवढेच लिहिले, आणि कशी चूक झाली होती तेही लिहिलं.

तो नोकरीचा कागद मात्र नामंजूर होऊन परत आला. सत्यशीला पक्की व्हायला आणखी दोन वर्षं गेली.