टमाटे निघेपर्यंत टिकायचा कागद

एमएस्सीला मी नेमकं काय करते, हे वडगावात कुणालाच सांगता यायचं नाही. मक्याचं स्टार्च, ग्लिसरीन आणि जिवाणूंनी नारळपाण्यावर आणलेली साय शिजवून मी पातळ कागद करायचे. तण उगवू नये म्हणून शेतात अंथरायचा, काम झालं की मातीत कुजायचा. शोध मोठा थोर! फक्त काम व्हायच्या आधीच तो कुजायचा. चुलत्यांच्या मेंढ्यांनी एक तुकडा आवडीनं खाल्ला, कौतुक झालं ते तेवढंच. आमचे सर पंख्याखाली बसून सांगायचे, "टिकाऊपणा वाढवा."

खुटबावच्या मामांकडं माझ्यासाठी स्थळ तयार होतं. आमच्या ओट्यावर चार माणसांदेखत ते वडिलांना म्हणाले, "आबा, हिचा कागद टमाटे निघेस्तवर टिकला तर शिकू द्या फुडं. न्हाईतर बार उडवून टाकू."

"व्हय," आबा म्हणाले.

झालं! माझ्या आयुष्याचा निकाल एका सरीवर, आणि मला विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. असा संताप आला होता! कागदाला मधमाशीच्या मेणाचा हात दिला, सरीवर अंथरला, कडेला माती लावली आणि पुण्याला परतले.

त्याच घाण्यातला कागद प्रयोगशाळेतल्या कुंडीत महिन्याभरात विरघळला. मेणाचं काय झालं, देव जाणे. टमाटे निघाल्याचा निरोप आला, तेव्हा एसटीत बसून मी होणाऱ्या सासूचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होते.

शेतात मामा आधीच वाकून कागद ओढत होते. "आयला, फाटंना की! पोरीपरीस चिवट हाय ह्यो."

फाटेना? माझा कागद? मी खाली बसून कड उचलली. कडेला शिलाईची भोकं होती, ओळीनं. युरियाच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक, शेणमातीनं चोळून माझ्या कागदासारखं पिवळट केलेलं. आबांनी माझ्याकडं न बघता पायानं त्या कडेवर माती लोटली.

"टिकला न्हवं?" ते मामांना म्हणाले. "मग जाऊ द्या तिला."

मामांना चार माणसांत दिलेला शब्द फिरवता येईना.

संध्याकाळी एसटीत चढताना आबांनी माझी पिशवी वर दिली.

"फुडच्या टायमाला खरोखर टिकंल आसा कर," ते हळूच म्हणाले. "माझी पोती संपल्याती."